सांगलीत एलजीबीटी आरोग्याचा अभ्यास : प्रश्नावली हातात घेण्याआधी

सांगली-मिरजेकडे नाव आणि गाव सांगितलं की दोन वाक्यांत पाहुणे निघतात. ‘कवठेमहांकाळचे का? मग अमक्यांचे कोण?’ ओळख काढायची ही सवय आपुलकीचीच आहे. पण समलिंगी, उभयलिंगी (म्हणजे स्त्री-पुरुष दोघांकडे ओढा असलेल्या), तृतीयपंथी माणसांच्या आरोग्याचा अभ्यास करायचा झाला की सगळ्यात मोठी अडचण हीच होते. पुण्या-मुंबईत मुलाखत देऊन माणूस गर्दीत मिसळतो. इथे तो एसटीत बसतो आणि शेजारच्या सीटवर चुलत्याचा मेहुणा असतो. संशोधन पद्धतीच्या पेपरात गुप्तता हा पाच मार्कांचा मुद्दा असतो. जिल्ह्यात काम करताना ती जागेत असते, वेळेत असते, फोनमध्ये, पैशाच्या पावतीत आणि मराठीच्या क्रियापदातसुद्धा असते. यातली एक जरी गोष्ट सुटली तरी माणसाचं नुकसान होतं, आणि मिळालेली माहितीही खोटी निघते, कारण धास्तावलेला माणूस खरं सांगत नाही.

क्रियापदापासूनच सुरुवात करतो, कारण याकडे फारच कमी लोक लक्ष देतात.

मराठीत ‘तू कुठे राहतोस’ किंवा ‘राहतेस’ यांतलं एक निवडल्याशिवाय तोंड उघडता येत नाही. म्हणजे समोरच्याने स्वतःबद्दल काही सांगण्याआधीच आपण त्याला एका खान्यात टाकून मोकळे होतो. यल्लम्माला वाहिलेल्या, साडी नेसलेल्या जोगत्याला ‘राहतोस’ म्हटलं, किंवा अजून कुणालाच काही न सांगितलेल्या पारलिंगी मुलाला (जन्माची नोंद मुलगी, पण स्वतःला मुलगा मानणाऱ्याला) ‘राहतेस’ म्हटलं, की पुढची चाळीस मिनिटं तो माणूस ‘हो’ आणि ‘नाही’पलीकडे जात नाही. यावर उपाय मराठीतच आहे. सगळी प्रश्नावली ‘तुम्ही’ने लिहायची. ‘तुम्ही राहता’, ‘तुम्ही गेलात’ ही रूपं सगळ्यांना सारखीच चालतात. विशेषणं मात्र दगा देतात. ‘एकटे राहता का?’ यात ‘एकटे’ की ‘एकट्या’ हा पेच येतो, तिथे ‘घरात तुमच्याबरोबर आणखी कोण असतं?’ असं विचारावं. भावनांचे प्रश्न ‘तुम्हाला’ने सुरू करावेत. ‘तुम्ही घाबरलेले होता का?’ऐवजी ‘भीती वाटली का?’ म्हटलं की क्रियापद भीतीशी जुळतं, माणसाच्या लिंगाशी नाही. ‘झोप लागली का’, ‘भूक लागते का’, ‘उदास वाटलं का’ ही रोजच्या बोलण्यातली वाक्यं आहेत, ओढूनताणून केलेली नाहीत.

आता याची दुसरी बाजू. उत्तर देणारा माणूस एकाच मुलाखतीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ असं दोन्ही म्हणतो. घरातली गोष्ट सांगताना ‘गेलो’, मैत्रिणींमधली सांगताना ‘गेले’. हीच तर खरी माहिती. पण ध्वनिमुद्रण उतरवून काढणारा टायपिस्ट प्रामाणिकपणे ‘चूक’ दुरुस्त करतो आणि सगळीकडे एकच रूप घालतो. तेव्हा त्याला लेखी सूचना द्यावी : ऐकू येईल तेच अक्षर, व्याकरण सुधारायचं नाही. आणि विश्लेषण करणाऱ्याने लक्षात ठेवावं की सांगली-कोल्हापूरकडे मुली-बायकाही सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. नुसत्या ‘आलो’वरून कुणाच्या लिंगभावाचा निष्कर्ष काढला तर तो या भागात हमखास चुकतो. बाहेरच्या विद्यापीठातला सहसंशोधक असेल तर त्याला हे पहिल्याच दिवशी सांगावं.

‘लिंग’ या शब्दाचंही तसंच. फॉर्मवर ‘लिंग :’ असं छापलं की कोणी लाजतं, कोणी हसतं, कोणी शरीराबद्दल विचारलंय असं समजतं. दोन वेगळे प्रश्न करावेत. जन्माच्या दाखल्यावर काय नोंद आहे, आणि आज तुम्ही स्वतःला काय मानता. दुसऱ्या प्रश्नाला पर्याय वाचून दाखवू नयेत, आधी त्यांचा शब्द लिहून घ्यावा. तृतीयपंथी, किन्नर, जोगता, कोती (बायकी वळणाचे पुरुष स्वतःसाठी वापरतात तो शब्द), पारलिंगी, गे, किंवा ‘मी फक्त मी आहे’. नंतर आपल्या सोयीने गट करता येतात, पण मूळ शब्द गेला तर तो परत येत नाही.

ओढा कुणाकडे आहे, गेल्या बारा महिन्यांत शरीरसंबंध कुणाशी आले आणि स्वतःला नाव काय देता, हे तीन प्रश्न कधीही एकात गुंडाळू नयेत. इथे लग्न झालेले, दोन मुलांचे बाप असलेले कितीतरी पुरुष आहेत, ज्यांचे संबंध पुरुषांशी आहेत आणि जे स्वतःला कुठलंच नाव देत नाहीत. ‘तुम्ही समलिंगी आहात का?’ याला ते मनापासून ‘नाही’ म्हणतात. हे उत्तर खोटं नसतं, आपला प्रश्न चुकलेला असतो.

माणसं शोधायची कशी हा पुढचा प्रश्न. यांची कुठे यादी नसते. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून ‘इतर’ असा रकाना पहिल्यांदा आला आणि देशभरात सुमारे ४.८८ लाख नोंद झाली. पण घरच्यांसमोर विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर आहे, आणि लैंगिक कल, म्हणजे ओढा कुणाकडे, हे तर जनगणना विचारतच नाही. म्हणून समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेली साखळी पद्धत वापरतात. काही माणसं ‘सीड’ म्हणून निवडायची, प्रत्येकाला तीन कूपनं द्यायची, त्यांनी ओळखीच्यांना द्यायची, आणि पुढे तसंच.

हिशेब असा. एखादी गोष्ट निम्म्या लोकांत असेल असं धरून, दहा टक्के इकडेतिकडे चालेल म्हटलं, तर ९५ टक्के खात्रीसाठी साध्या यादृच्छिक निवडीत ९६ माणसं लागतात. साखळीत एकमेकांसारखीच माणसं येत असल्याने निदान दुप्पट धरावीत, म्हणजे १९२. सहा सीड आणि प्रत्येकामागे सरासरी दीड माणूस आला तर ६, ९, साधारण १४, २०, ३०, ४५, ६८ असं होत सहाव्या फेरीला सगळे मिळून १९३ च्या आसपास पोचतो. सरासरी एकच माणूस आला तर प्रत्येक फेरीला सहाच्या सहाच, म्हणजे ३२ गट लागतात आणि वर्ष उलटलं तरी काम संपत नाही. जिल्ह्यात बहुतेक अभ्यास इथेच अडकतात. याचं कारण पैसा नसतो, कूपनच असतं. त्यावर अभ्यासाचं पूर्ण नाव छापलेलं असतं आणि ते शर्टाच्या खिशातून धुण्यात सापडतं. कूपनवर एक क्रमांक, मुदत, ‘आरोग्य सर्वेक्षण’ एवढे दोन शब्द आणि फोन नंबर. बास.

सीड निवडताना वेगवेगळ्या जगांतली माणसं घ्यावीत. गुरू-चेल्यांच्या घरातल्या तृतीयपंथीयांची साखळी कॉलेजातल्या गे मुलांपर्यंत जात नाही, आणि या दोन्ही साखळ्या समलिंगी बायकांपर्यंत तर अजिबात जात नाहीत. बायकांचं जाळं दोन-तीन मैत्रिणींचं, बरेचदा फोनवरचं असतं. त्यांच्यासाठी साखळीचा हट्ट सोडून वीस-पंचवीस सखोल मुलाखती कराव्यात आणि अहवालात तसं स्पष्ट लिहावं. त्यांना टक्केवारीत कोंबू नये.

सांगलीत सेक्स वर्करांबरोबर एचआयव्हीवर काम करणाऱ्या संग्राम संस्थेचं काम १९९२ पासून आहे. वेश्या अन्याय मुक्ती परिषद आणि पुरुष व तृतीयपंथी सेक्स वर्करांची मुस्कान ही संघटनाही याच मातीतली. अशा संघटनांशी बोलल्याशिवाय काम सुरू करणं मला उद्धटपणाचं वाटतं. पण सगळी माणसं त्यांच्यामार्फतच घेतली तर संघटनेपर्यंत पोचलेल्यांचंच आरोग्य कळतं. जत, आटपाडीतला एकटा राहिलेला माणूस त्यात येत नाही. खानापूर-विट्याकडचे गलाई व्यवसायात (सोनं-चांदी गाळण्याच्या कामात) असलेले पुरुष तर वर्षातला बराच काळ परराज्यातच असतात. त्यांना गाठायचं तर गावच्या यात्रेचा किंवा दिवाळीचा मुक्काम धरावा लागतो.

फोनबद्दल. अभ्यासासाठी वेगळं सिम घ्यावं. सगळ्या सहायकांनी ते आपल्या मोबाइलमध्ये साध्या नावाने साठवावं. पाच जणांनी ‘एलजीबीटी सर्व्हे’ म्हणून साठवलं तर ट्रूकॉलरवर तेच नाव उमटू शकतं, आणि आपण फोन केला की समोरच्या घरात टीव्ही बघत बसलेल्या सासऱ्याला ते दिसतं. व्हॉट्सअॅपच्या फोटोत इंद्रधनुषी झेंडा नको. भावना चांगली आहे, जागा चुकीची आहे. संदेश आला की बंद स्क्रीनवर पहिली ओळ दिसते, म्हणून पहिल्या ओळीत वेळ आणि तारीख एवढंच. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर काय बोलायचं ते आधीच ठरलेलं असावं, आणि ते खरं असावं : ‘कॉलेजच्या आरोग्य सर्वेक्षणातून बोलतोय, नंतर करतो.’ खोटं नाव, खोटी कंपनी सांगू नये. पुढे पितळ उघडं पडतं ते त्या माणसाचं, आपलं नाही.

मुलाखतीची जागा कॉलेजात नको. महाविद्यालयाच्या फाटकावर कुणीतरी ओळखीचं असतंच. सांगली जिल्ह्यात मिरज त्यासाठी सोयीची आहे. अख्ख्या जिल्ह्यातून, कर्नाटकातूनही माणसं दवाखान्यासाठी मिरजेला येतात, त्यामुळे ‘मिरजेला दाखवायला गेलतो’ या उत्तरावर घरात कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. साताऱ्याच्या बाजूला कराडचा तसाच उपयोग होतो. दोन मुलाखतींमध्ये निदान अर्धा तास ठेवावा, म्हणजे एक जण निघताना दुसरा दारात उभा राहत नाही. आणि शेवटची एसटी कितीला आहे हे विचारल्याशिवाय वेळ देऊ नये.

मग पावती. प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजाचे पैसे द्यायचे ठरले की हिशेब विभाग नाव, सही, मोबाइल, कधीकधी आधारची झेरॉक्स मागतो. म्हणजे संमतीपत्रात ‘नाव कुठेही नोंदवणार नाही’ असं लिहायचं आणि व्हाउचरवर नाव घेऊन ती फाइल कार्यालयाच्या कपाटात ठेवायची. हा विरोधाभास बहुतेकांच्या लक्षात येतो तो लेखापरीक्षणाच्या वेळी. उपाय सोपा आहे, पण तो आधी करावा लागतो. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीच्या मंजुरीतच लिहून घ्यावं की मोबदला सांकेतिक क्रमांकावर दिला जाईल, पावतीवर क्रमांक, रक्कम, तारीख आणि पैसे देणाऱ्या दोन सहायकांच्या सह्या असतील. मंजुरीची प्रत अनुदान येण्याआधी हिशेब विभागाला द्यावी. यूपीआयने पैसे देऊ नयेत, दोन्हीकडे नाव उमटतं. त्याच मंजुरीत सहीऐवजी तोंडी संमतीची परवानगीही मागावी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांमध्ये लैंगिक अल्पसंख्याक असुरक्षित गटांत धरलेले आहेत, त्यामुळे समितीला हे पटवणं अवघड जात नाही. समाजकार्य महाविद्यालयात समिती नसेल तर विद्यापीठाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे जावं लागतं. त्यासाठी वेळापत्रकात तीन महिने धरून ठेवावेत.

अठराखालची मुलं अभ्यासात घ्यायची तर बहुधा पालकांची संमती लागते, आणि संमती मागणं म्हणजे मुलाचं घरात उघड करणं. शिवाय २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे बालकावरील लैंगिक अत्याचार कळला तर तो कळवणं बंधनकारक आहे. म्हणून वयाची अट १८ ठेवून शाळेतल्या वर्षांबद्दल मागे वळून विचारावं, आणि गुप्ततेला कुठे मर्यादा आहेत ते मुलाखतीच्या आधी सांगावं. ऐकून झाल्यावर सांगणं म्हणजे विश्वासघात.

आता मानसिक आरोग्य. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ वापरतात : नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. पाच, दहा, पंधरा, वीस या तीव्रतेच्या पायऱ्या आणि दहापासून पुढे तज्ज्ञाने बघावं. मराठी प्रत मिळते, तिच्यातले शब्द बदलू नयेत. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ हे ग्रामीण भागात नीट पोचत नाही. ‘मागल्याच्या मागल्या बाजारापासून आजपर्यंत’ म्हटलं की चटकन कळतं. मात्र हे स्पष्टीकरण सगळ्या सहायकांनी सारख्याच शब्दांत द्यावं, नाहीतर कवलापूरचे गुण आणि इस्लामपूरचे गुण यांची तुलनाच होत नाही. इथे माणूस ‘नैराश्य’ म्हणत नाही. ‘डोकं जड होतंय’, ‘जीव घाबरा होतो’, ‘कशात मन लागंना’ म्हणतो. हे शब्द समासात टिपून ठेवावेत. ऊसतोडीच्या किंवा द्राक्षछाटणीच्या दिवसांत थकवा आणि झोपेचे गुण सगळ्यांचेच वर जातात, म्हणून हंगाम नोंदवावा.

नववा प्रश्न जिवाबद्दलचा आहे. त्याला शून्याखेरीज काहीही उत्तर आलं की प्रश्नावली तिथेच बाजूला ठेवायची. शांतपणे, सरळ शब्दांत विचारायचं. मरणाचा विचार आहे की जीव द्यायचा विचार आहे? कसं करायचं ते ठरवलंय का? ते साधन घरात आहे का? याआधी कधी प्रयत्न झाला होता का? आत्महत्येबद्दल विचारलं म्हणून तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आपल्याकडे साधन म्हणजे बहुतेकदा द्राक्षबागेचं किंवा उसाचं औषध, तेही माजघरात ठेवलेलं. ते कुलपात जाईल किंवा दुसऱ्याच्या शेडमध्ये जाईल एवढं त्याच दिवशी घडवून आणलं तरी मोठा धोका टळतो. घरातल्या कुणाला सांगायचं तर ‘लहान मुलं आहेत, औषध आत ठेवू नका’ एवढं कारण पुरतं, माणसाचं गुपित उघड करावं लागत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो. तो तिथेच बसून लावून द्यावा. कागदावर लिहून देऊन निरोप देऊ नये. धोका जास्त वाटला तर एकटं न सोडता मानसोपचारतज्ज्ञांकडे बरोबर जावं, आणि ते तज्ज्ञ कोण हे अभ्यास सुरू होण्याआधी ठरलेलं असावं. पोलिसांच्या भीतीने लोक प्रयत्न लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र ताणाखाली होता असं मानतं आणि शिक्षेपासून वाचवतं, हे सहायकाला सोप्या मराठीत सांगता आलं पाहिजे. याच कायद्याचं कलम १८ लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करायला मनाई करतं.

पाठवायचं कुणाकडे, याची यादी ऐकीव नसावी. प्रत्येक डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटून एकच प्रश्न विचारावा : ‘मुलगा समलिंगी आहे म्हणून आईवडील घेऊन आले तर तुम्ही काय कराल?’ ‘समजावून सांगू, लग्नानंतर बदलतात’ असं उत्तर आलं की नाव खोडावं. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्ये काढली, भारतीय मानसोपचार संघटनेने २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर सांगितलं, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ‘बदलण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तरीही ते चालतात. यादी दर तीन महिन्यांनी तपासावी.

ताण मोजण्यासाठी बहुतेक जण संशोधक इलन मेयर यांची अल्पसंख्याक ताणाची (म्हणजे भेदभाव आणि लपवालपवीमुळे येणाऱ्या जादा ताणाची) मांडणी घेतात, २००३ ची. ती उपयोगी आहे. पण लपवून ठेवणं म्हणजे ताण असं तिच्यावरून सरळ गृहीत धरलं तर इथे फसगत होते. जमिनीची वाटणी व्हायची आहे, आई भावाच्या घरी आहे, अशा वेळी न सांगणं हा त्या माणसाचा विचार करून घेतलेला निर्णय असतो. ‘कुणाला सांगितलंय?’ याबरोबर ‘न सांगण्याने काय सांभाळलं जातंय?’ हेही विचारावं. आणि बऱ्या दिवसांबद्दलही विचारावं. त्यासाठी डब्ल्यूएचओ-५ आहे : पाच प्रश्न, बेरजेला चाराने गुणलं की शंभरपैकी गुण, पन्नास किंवा त्याखाली असतील तर काळजी. जोगत्यांना सौंदत्तीच्या किंवा जतच्या यल्लम्माच्या यात्रेतून जे बळ मिळतं ते एकाही परदेशी मापनात नाही. तिथे उघडा प्रश्नच कामाचा.

शरीराच्या आरोग्याबद्दल एकच गोष्ट ठासून सांगतो. एचआयव्हीच्या कार्यक्रमामुळे या समाजापर्यंत आरोग्यसेवा पोचली हे खरं, पण त्यामुळे इतर काही विचारायचंच राहून गेलं. रक्तदाब, साखर, दात, बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी हे सगळं. पारलिंगी स्त्रिया डॉक्टरांशिवाय संप्रेरकं म्हणून गर्भनिरोधक गोळ्या घेतात. ‘कुठली गोळी?’ असं विचारलं तर ‘ती बायकांची’ एवढंच उत्तर येतं. येताना पाकीट घेऊन यायला सांगावं. माला-डीच्या एका गोळीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनाइल इस्ट्राडायोल आणि ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असतं, आणि लवकर बदल दिसावा म्हणून दिवसाला तीन-चार घेतल्या जातात. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होण्याचा धोका त्याने वाढतो, तंबाखू ओढणाऱ्यांत आणखी. एका पोटरीला सूज, दम लागणं, छातीत दुखणं ही लक्षणं विचारावीत, आणि असतील तर त्याच दिवशी दवाखाना. अभ्यासाचा फॉर्म नंतर भरला तरी चालतो.

अहवाल लिहिताना ‘जत तालुका, ४२ वर्षं, तृतीयपंथी, शिक्षक’ एवढ्यावरून माणूस सापडतो. तालुके एकत्र करावेत, वय दहा-दहा वर्षांच्या गटात द्यावं, पाचपेक्षा कमी माणसांचा रकाना छापू नये. पीएचडीचा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला खुला होतो. तेव्हा लांबलचक अवतरणात लकब, घरातला प्रसंग, देवाचं नाव जसंच्या तसं राहिलं तर गावातला माणूस वाचताक्षणी ओळखतो. आणि छापण्याआधी निष्कर्षांची दोन पानांची मराठी प्रत ज्यांनी वेळ दिला त्यांच्यापुढे मोठ्याने वाचावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही मग आपलं वाक्य काढून घ्या असं सांगता येतं, आणि ते सांगितलं की काढायचं.